गलतीची वही

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देताना आमच्या सरांना मी अकरा वर्षांत एकदाच पाहिलं, आणि ते उत्तर चुकीचं होतं असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. बाकीची सगळी वर्षं त्यांनी माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो मोजायला थर्मामीटर पुरला नसता. तसे त्यांच्याकडे थर्मामीटर चार होते, आणि चारांवरही त्यांचा विश्वास नव्हता.

स्टँडवर एखाद्याला विचारावं, तुळजापूरची गाडी गेली का, तर तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. सर म्हणायचे, "मी आल्यापासून दिसली न्हाय." बरं, तुम्ही कधी आलात? तर घड्याळ चार-पाच मिनिटं पुढं असतं, त्यामुळं नक्की वेळ सांगता येत नाही. एवढं होईपर्यंत गाडी येऊन निघूनही जायची. चहा कसा झालाय, या प्रश्नाचं उत्तर "कालच्यापेक्षा गरम आहे." पाऊस येईल का, याचं उत्तर द्यायला ते आभाळाकडे बघायचेसुद्धा नाहीत. "सांगता येत न्हाय" हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते पालुपद ऐकून ऐकून आमच्या कॉलेजातल्या माणसांनी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं होतं. मला ती सोय नव्हती. प्राणिशास्त्र विभागात दोनच टेबलं होती, एक त्यांचं आणि एक माझं.

त्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते. बीएस्सीच्या पेपरात मी लिहिलं, कोंबडीच्या अंड्यातून एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. सरांनी लाल शाईनं वर 'साधारणतः' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणानं मी कॉलेजात दुसरी आले. पहिली आलेल्या मुलीनं 'साधारणतः' लिहिलं होतं, कारण तिला दिवस नक्की आठवत नव्हते. हे तिनंच मला नंतर सांगितलं. मी पुढं शिकून त्याच विभागात नोकरीला लागले, त्या दिवशी सर उठून उभे राहिले आणि मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. कालपर्यंत हेच मला 'ए पहिला बाक' म्हणून हाक मारायचे. मी म्हटलं, सर, तू म्हणा. तर म्हणाले, 'तुम्ही'ची सवय लागायला वेळ लागेल, पण 'तू' म्हणणार न्हाय. अर्ध्या गुणाचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत काही केलं नाही.

इतर कॉलेजांत कोंबडीच्या गर्भाची तयार स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, पोरं चित्र काढतात, प्रॅक्टिकल संपतं. आमच्याकडं सर दरवर्षी जिवंत अंडी उबवायचे. लाकडी खोकं, आत चाळीसचा बल्ब, ओलं फडकं, आणि ते चार अविश्वासू थर्मामीटर. लाईट गेली की सर अंडी स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरून बसायचे आणि त्या अवस्थेत माझ्याशी बोलायचे. नळदुर्गाहून एसटीनं येताना मे महिन्यातही त्यांच्या पिशवीत स्वेटर असायचा, तो यासाठी.

आणि अंडी आणायला बाजारात मला बरोबर न्यायचे. पोल्ट्रीच्या अंड्यात पिल्लू धरत नाही, कारण तिथं कोंबडा नसतो. म्हणून आठवडी बाजारात गावरान अंडी घेऊन बसलेल्या एकेका बाईपुढं उकिडवं बसून सर विचारायचे, घरी कोंबडा आहे का? किती वर्षांचा? कोंबड्यांत मोकळा असतो की बांधून? बाया पदरात तोंड घालून हसायच्या आणि मी दुसरीकडं बघत कोथिंबीर निवडल्यासारखं करायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "सर, अंडी न्या न्हाय तर कोंबडा न्या, पर त्येची सोयरीक जुळवल्यावानी चौकशी करू नका." सरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी तिला विचारलं की कोंबडा विकायचा आहे का.

तिसऱ्या दिवशी चिमट्यानं कवचाला पैशाएवढी खिडकी पाडायची. आत पिवळ्यावर एक लाल ठिपका धडधडत असायचा. चाळीस पोरं श्वास रोखून बघायची. मोबाइल बाहेर काढायचीसुद्धा विसरायची. हे एवढं एक मी सरांच्या बाजूनं कबूल करते, की त्या खोलीत त्या वेळी जी शांतता व्हायची तशी माझ्या तासाला कधी झाली नाही.

मग सर सुरू व्हायचे. हे बांधकाम चाललंय, म्हणायचे. डोकं इकडं, शेपूट तिकडं, हृदय मधी, हे हुकूम देणारे जीन असतात. घडणीचे जीन. पेशींना वाढा म्हणणारे, सरका म्हणणारे, आणि थांबा म्हणणारे. यातला सगळ्यात मोठा हुकूम 'थांबा' हा. घडण संपली की हे बहुतेक जीन गप्प बसतात, काही थोडे डागडुजीपुरते जागे राहतात. आणि कॅन्सर म्हणजे कुणी बाहेरून आलेला दुश्मन नव्हे. ज्या हुकुमांनी तुम्हाला आईच्या पोटात घडवलं तेच हुकूम पुन्हा, नको त्या वेळी, नको त्या जागी सुटणं. लग्न लागलं की मांडववाल्यानं मांडव सोडून न्यायचा असतो. तो गेलाच नाही आणि रोज एक खांब वाढवत राहिला, तर घरातल्या माणसांनी राहायचं कुठं?

पोरांना हे आवडायचं. मलाही पहिल्यांदा आवडलं होतं. पण अभ्यासक्रमात या विषयाला एक परिच्छेद होता आणि सर त्याला सहा आठवडे द्यायचे. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले लेख वाचून दाखवायचे, मग त्या लेखात कुठं 'कदाचित' राहून गेलंय ते दाखवायचे. उरलेल्या दोन आठवड्यांत जंत, डास, रेशीमकिडे आणि मधमाश्या माझ्या गळ्यात. पोरं प्राचार्यांकडं तक्रार करायची, प्राचार्य मला बोलवायचे, सरांना नाही. सरांशी बोललं की त्यांची दुपार जायची.

त्याच प्राचार्यांचे मेव्हणे कॅन्सरनं वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, कॅन्सरनं खाल्लं हो त्याला. झालं. माझ्या शेजारी हालचाल झालेली मला कळली आणि मी सरांची बाही धरली, पण उपयोग झाला नाही. सरांनी त्या बैठकीत, सतरंजीवर, मांडी घालून, कॅन्सर खात नाही, तो वाढतो, वाढताना थांबायचं विसरतो, हे समजावून सांगितलं. मांडववालासुद्धा आला. प्राचार्यांच्या सासूबाईंनी शेवटी विचारलं की हे गुरुजी कोण. परत येताना मी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले. सर म्हणाले, "मॅडम, काही गलत बोललो का मी?" तीच तर अडचण होती. गलत काही बोलत नव्हते.

गलती हा त्यांच्या घरातल्या दखनी बोलीतला शब्द. मराठीत बोलतानाही ते चूक म्हणायचे नाहीत, गलती म्हणायचे. आणि त्या गलत्यांची त्यांच्याकडे एक वही होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. पानाच्या डावीकडं वर्गात काय चुकीचं बोललो ते, उजवीकडं काय बोलायला पाहिजे होतं ते. अक्षर छापल्यासारखं. वर्षाच्या शेवटच्या तासाला ती वही उघडून सर त्या वर्षातल्या गलत्या वाचून दाखवायचे आणि दुरुस्त करायचे. परीक्षा तोंडावर आलेली, पोरांना महत्त्वाचे प्रश्न हवे असायचे, आणि इथं हा माणूस सांगतोय की अमुक दिवशी बेडकाच्या हृदयाला चार कप्पे म्हणालो, ते तीन आहेत.

बरं, तेही वर्गापुरतं नाही. एकदा नळदुर्गजवळ एका ढाब्यावर आम्ही सहलीची पोरं घेऊन जेवायला थांबलो. ढाब्याचा मालक सरांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं वाकून नमस्कार केला, पैसे घेणार नाही म्हणाला. सर त्याला म्हणाले, तुझ्या वर्गाला मी सांगितलं होतं की माणसाच्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, त्यात तांबड्या रक्तपेशी सांगायच्या राहिल्या, त्यांत एकही नसतं, माफ कर. तो बिचारा हातात रोट्यांची टोपली घेऊन उभा. म्हणाला, काही हरकत न्हाय सर, माझं काही अडलं न्हाय. मी कपाळाला हात लावला.

हे सगळं मी सहन केलं असतं आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन मोकळी झाले असते. पण मध्ये शालनचं झालं.

शालन आमच्या विभागाची परिचर. जळकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून यायची. तिशीची, कामाला वाघ, बोलायला मोजकी. काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, आणि वर्षातून काही आठवडे बरण्या भरणं. बरण्या म्हणजे आमच्या कपाटांतले ते साप, विंचू, मासे, दोन डोक्यांचं करडू. त्यांतलं फॉर्मालिन उडून जातं, कमी झालं की वरून घालावं लागतं. वास असा की डोळ्यांतून पाणी येतं. शालन तोंडाला पदर बांधून, खिडकीत बसून हे करायची. पोटुशी होती त्या वर्षीही तिनंच केलं. सरांनी सांगितलं म्हणून केलं, आणि मी समोर बसून पेपर तपासत होते. खिडकी उघडी आहे ना, एवढं आम्ही दोघांनीही विचारल्याचं मला आठवतं. त्यापेक्षा जास्त काही नाही.

तिची मुलगी ईश्वरी चार वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी शालन परीक्षानळ्या धुता धुता मला म्हणाली, "म्याडम, पोरीला आंगूळ घालताना हाताला लागलं. डाव्या अंगाला, पोटात. टणक हाय. दुखत न्हाय म्हणती." सरांनी ऐकलं. म्हणाले, उद्या तिला घेऊन या.

दुसऱ्या दिवशी शालन आणि तिची सासू पोरीला घेऊन आल्या. सरांनी ईश्वरीला स्टुलावर बसवलं, फ्रॉक वर करून नुसतं पाहिलं, हात लावला नाही. लघवीचा रंग विचारला, ताप विचारला. मग सांगितलं: गाठ कशाचीही असू शकते, कदाचित किडनीची, कदाचित दुसऱ्या कशाची, सांगता येत न्हाय, सोलापूरला नेऊन सोनोग्राफी करा, आणि तोपर्यंत पोट कुणाला दाबू देऊ नका. आवाज नेहमीसारखा, बसची चौकशी केल्यावर असायचा तसा. त्या गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. सर लगेच म्हणाले, या वयात, या जागी, न दुखणारी, म्हणजे घडणीतली गाठ असावी. पोटात किडनी घडत असताना जी कोवळी पेशी काम संपल्यावर थांबायला पाहिजे ती थांबली नसावी. मी म्हटलं, मग त्यांना असं का नाही सांगितलं? "खात्री न्हाय ना मॅडम."

शालन रजेवर गेली. मला वाटलं सोलापूरला गेली असेल. आठव्या दिवशी ती कामावर आली आणि मी विचारलं तर म्हणाली, सोलापूरला गेलो नाही. सासूबाई म्हणाल्या बेंबी सरकली असेल, गावातल्या एका बाईकडं नेऊन एरंडेल लावून दोनदा पोट चोळून आणलं. मी म्हटलं, सरांनी पोट दाबू नका म्हणून सांगितलं होतं ना? त्यावर तिनं सासूचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "एवढा शिकलेला माणूस सांगता येत न्हाय म्हनतोय. खरंच काही आसतं तर सांगितलं नसतं व्हय? उगं कशाला भ्यायचं?"

मी सरांवर जी उखडले, तशी आयुष्यात कुणावर उखडले नसेन. समोर शालन होती, दारात पोरं होती, मला कशाचं भान राहिलं नाही. म्हटलं, तुमच्या त्या 'कदाचित'नं आठ दिवस गेले. लोक तुमच्यासारखे ऐकत नाहीत. तुम्ही दहा गोष्टी बरोबर सांगता आणि त्यात एक दार उघडं ठेवता, आणि माणूस त्याच दारातनं बाहेर जातो. सरांनी चालू प्रॅक्टिकल बंद केलं, खोक्यातली अंडी तशीच सोडली, आणि आम्ही तिघं वडाप जीपमध्ये दाटीवाटीनं बसून शालनच्या गावाला गेलो. तिथं सासूनं विचारलं, काय झालंय सांगा तरी. मी डोळे मिटून घेतले. सर म्हणालेच, सांगता येत न्हाय. पण पुढं म्हणाले, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं सोलापूर, मी गाडीत बसलेला असेन, आणि पोरीच्या पोटाला आता आंघोळीचा हातसुद्धा जपून लावायचा. म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पोरीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. खोक्यातली अंडी त्या रात्री लाईट जाऊन मेली. सरांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

गाठ किडनीचीच निघाली, आणि तीच निघाली, घडणीतली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुटलेली नाही, हे नशीब. डावी किडनी काढली, मग महिनोन्महिने औषधं. ईश्वरीचे केस गेले. शालन तिला रुमाल बांधून एसटीनं न्यायची-आणायची. अशा गाठी बऱ्याच लेकरांत पुऱ्या बऱ्या होतात, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी मान हलवली, 'बऱ्याच' हा शब्द त्यांना पटला असावा.

याच दिवसांत सरांनी एक नवीन प्रकार सुरू केला. बरण्या भरायचं काम ते स्वतः करायला लागले. कुणाला काही न सांगता, नाकाला रुमाल बांधून, व्हरांड्यात बसून एकेक बरणी भरायचे. शालन पुढं झाली तर हातानंच नको म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. मला वाटलं, तिला आराम द्यावा म्हणून करतायत, आणि इतक्या वर्षांत प्रथमच बरं वाटलं. आम्हा दोघांनाही कळलं नाही की शालन ते रोज बघतेय आणि त्यातून तिचा तिचा अर्थ काढतेय.

एका दुपारी ती आत आली. हात ओले होते, ते पुसतसुद्धा नव्हती. सरांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सर, एक विचारू का. बरण्या तुमी माझ्याकडनं काढून घेतल्या. ईश्वरी पोटात हुती तवा म्याच भरत हुते, पाचवा म्हैना हुता. त्येनं झालं का हे?"

सरांनी चष्मा काढला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. तसा पुरावा न्हाय, पण पुरावा न्हाय म्हणजे तसं न्हाय असं म्हणता येत न्हाय. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. माझ्या हातात डस्टर होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते फेकायची मी तयारी केली होती.

"न्हाय," सर म्हणाले.

शालन तशीच उभी.

"शंभर टक्के न्हाय, शालनबाई. किडनी आत घडत होती, तिचं तिचं. थांबायचा हुकूम एका कोपऱ्यात पोचला न्हाय. तो हुकूम तुमच्या हातात नव्हता आणि बरणीतही नव्हता."

शालन खाली बसली, फरशीवरच, आणि रडली. चांगली दहा मिनिटं रडली. मग उठून तोंड धुतलं आणि राहिलेल्या परीक्षानळ्या धुवायला गेली. सोलापूरच्या त्या सगळ्या महिन्यांत तिला रडताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, चला, माणूस सुधारला. संध्याकाळी बघते तर सर निळी वही पुढ्यात घेऊन लिहितायत. लिहून झालं, वही मिटली, चपला घातल्या. मी विचारलं, निघालात? म्हणाले, शालनबाई स्टँडवर असतील, जाऊन सांगून येतो. काय सांगून येता? शंभर टक्के असं काही नसतं, हे. पुरावा न्हाय, एवढंच म्हणायला पाहिजे होतं. त्या फॉर्मालिनचा या गाठीशी संबंध आहे असं कुठं वाचलं न्हाय, पण न्हायच असंही कुणी सिद्ध केलेलं न्हाय.

"आणि मॅडम, त्या उत्तरात माझा फायदा होता. त्या कामाला तिला मीच लावलं होतं."

मी दारात जाऊन उभी राहिले. वयानं, मानानं, सगळ्यानं मोठा माणूस, माझे गुरुजी, आणि मी त्यांची वाट अडवून उभी. म्हटलं, सर, तिला हे सांगायला गेलात तर उद्यापासून मी या खोलीत पाय ठेवणार नाही. तुम्ही सांगाल, तुमचं मन हलकं होईल, तुमची वही स्वच्छ होईल. आणि ती? ती पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवताना दर वेळी त्या बरण्या आठवत बसेल. तुमची वही स्वच्छ करायला तिची झोप कशाला घालवता? सर म्हणाले, पण उत्तर गलत आहे. मी म्हटलं, असू द्या. शेवटी सर चपला काढून खुर्चीत बसले. स्टँडवरून शालनची गाडी गेल्याचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी दारातून बाजूला झाले.

त्या वर्षी शेवटच्या तासाला मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी सगळ्या गलत्या वाचल्या, ती वाचली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, पण फार लवकर सोडला. पुढं दीड वर्षानं सर निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं की निरोप समारंभात ते भाषण करणार नाहीत, इतक्या वर्षांत ज्या गलत्या वाचायच्या राहून गेल्या तेवढ्या वाचतील.

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, दहा मिनिटांत आवरायला सांगा. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं, म्हणजे व्यासपीठावर सरांच्या शेजारची खुर्ची माझी. सभागृह गच्च भरलेलं. ढाबेवाला आलेला. तिसऱ्या रांगेत शालन, तिची सासू, आणि मध्ये ईश्वरी, पहिलीत गेलेली, आलेल्या केसांच्या दोन तोकड्या शेंड्या लाल रिबिनीनं बांधलेल्या. आदल्या आठवड्यातच सोलापूरला तपासणी झाली होती, सगळं चांगलं होतं.

सर वाचायला लागले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वहीची पानं पुढं सरकत होती, वर्षं पुढं सरकत होती, आणि शालनचं वर्ष जवळ येत होतं. मी चिठ्ठी लिहिली, 'वेळ संपली', आणि पुढं सरकवली. सरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुढची गलती वाचली. मी दुसरी चिठ्ठी लिहिली, 'कृपा करा'. तीही खिशात गेली.

मग ते पान आलं. मला शेजारून दिसत होतं. पानावर एकच नोंद, डावीकडं तीन शब्द, 'शंभर टक्के न्हाय', आणि उजवीकडं पाच ओळी. सरांनी ओळीवर बोट ठेवलं. वर बघितलं. ईश्वरी कंटाळून आजीच्या मांडीवर आडवी झाली होती आणि शालन सरांकडं बघत होती, देवळात बघावं तशी. सरांचं बोट तिथंच होतं. ते वाचलं असतं तर एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांचं दुरुस्त करायचं काही म्हणजे काही राहिलं नसतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांना किती वाचायचंय हेही कळलं.

"हे पान वाचता येत न्हाय," सर म्हणाले. "शाई फुटलीय."

त्यांनी पान उलटलं. पुढं एक शेवटची गलती होती, गांडुळाच्या खंडांबद्दल, ती वाचली आणि बसले. टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी घड्याळ बघत आभार मानले.

खाली चिवडा-पेढ्याच्या टेबलाशी सर मला शोधत आले. गळ्यात हार तसाच होता. कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, आता गलत्या दोन झाल्या. एक तिच्यापुढं, एक सगळ्यांपुढं." मी काही बोलायच्या आत त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, ही तुमच्याकडं ठेवा, माझ्याकडं राहिली तर मी जाऊन दुरुस्त करीन. मला माझा भरवसा न्हाय.

वही माझ्या कपाटात आहे, कुलपात. बरण्यांना आता पंखा बसवून घेतलाय आणि त्या मी भरते, हातमोजे घालून. सर नळदुर्गला असतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो, साधारणतः जेवायच्या वेळेला. ईश्वरीची तपासणी कशी झाली विचारतात. मग वही आहे का विचारतात. आहे म्हणते. मग म्हणतात, ते पान काढून एकदा वाचून दाखवता का, उजवीकडं काय लिहिलं होतं ते नक्की आठवत न्हाय.

मी म्हणते, शाई फुटलीय, सर. वाचता येत नाही.